रुमालभर राजवाडा

सिंदेवाहीला ज्यांच्या घरी मी भाड्याने राहायचो, ते नाटकाचे पडदे रंगवीत. गाव त्यांना भाऊ म्हणायचे, मीही भाऊच म्हणायचो. मातीचे कौलारू घर, पुढे लांब पडवी, मागे अंगण. पडवीच्या टोकाची खोली माझी. मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. वर्ध्याकडून आलेलो, एकटा. पहिल्याच संध्याकाळी भाऊ माझ्या दारात येऊन उकिडवे बसले आणि त्यांनी जे विचारले, त्यावरून मला वाटले, माणूस थोडा सरकलेला दिसतो.

"गुरुजी, तुमी चांगलं शिकवता, हे लोकांले दिसंन कसं?"

मी म्हणालो, "पोरं पास झाली की दिसेल."

"त्याले वर्ष लागते. तवरीक काय?"

 मग त्यांनीच सांगितले. वर्गातल्या ज्या पोराचे अक्षर सगळ्यांत चांगले असेल, त्याच्या हातची एक ओळ कागदावर काढून घ्यायची आणि दाराजवळच्या भिंतीवर लावायची. "एकच लावजा. धा लावल्या त कोणी एकबी वाचत नाई." मी हसण्यावारी नेले, पण पुढल्या आठवड्यात ओळ लावली. शाळा पाहायला आलेल्या साहेबांनी आधी तीच वाचली. हे मी भाऊंना सांगितले, तेव्हा त्यांना जराही नवल वाटले नाही. "काम आपल्या पुढं चालत गेलं पायजे, गुरुजी. आपण त्याच्या मागून जाचं."

हे वाक्य त्यांच्या तोंडात कायम असे. शेजारच्या शिंप्याला तर त्यांनी त्यावरून भंडावून सोडले होते. तो शिंपी दिवसभर लोकांची कुडती शिवायचा आणि स्वतः खांद्यावर फाटलेल्या बंडीत बसायचा. भाऊ येता-जाता त्याला म्हणायचे, "काऊन गा, तुह्या दुकानाची पाटी त तूच आहेस. आन् पाटी फाटली आहे." शेवटी एके दिवशी शिंप्याने चिडून स्वतःसाठी एक सदरा शिवला आणि दुकान उघडायच्या आधी भाऊंच्या पडवीत येऊन उभा राहिला. भाऊंनी त्याला गोल फिरवून पाहिले. मग म्हणाले, "मानेपाशी झोल आहे. हा घालून बसू नोको." शिंपी महिनाभर बोलला नाही.

भाऊंचे स्वतःचे कपडे दोन तऱ्हांचे. घरी रंगाने बरबटलेले धोतर, इतके की मूळ कापड कोणते ते सांगता येऊ नये. पण गावोगाव काम मागायला निघाले की स्वच्छ धोतर, काळा कोट आणि डोक्याला टोपी. नखांतला रंगसुद्धा बाईंकडून सुईने काढून घेत. बाई म्हणजे त्यांची बायको. मी एकदा म्हटले, "रंगारी आहात, थोडा रंग दिसला तर काय बिघडतं?" तर म्हणाले, "रंग अंगावर दिसला त लोक म्हणतीन, पडद्यावर कमी पडला."

त्या मुलखाला झाडी म्हणतात. धान कापून, चुरून घरात आले की गावोगाव शंकरपट भरतात, बैलांच्या जोड्या धावतात, आणि त्या गर्दीसाठी रात्री नाटक होते. नट गावातलेच. राजा झालेला माणूस परवापर्यंत धानाच्या बांधीत विळा घेऊन वाकलेला असतो. बाकी सगळे घरचे चालते, पण पडदे मात्र रंगाऱ्याकडून करून घ्यावे लागतात. तेव्हा नागपूरकडचे रंगारी यायचे, वडशाचाही एक होता. त्यांची नावे मोठी होती. भाऊंपाशी नाव नव्हते. त्यांच्यापाशी एक पत्र्याची पेटी होती.

पेटीत कडुलिंबाचा पाला, त्यावर जुन्या मऊ धोतराची घडी आणि घडीत मांजरपाटाचे तुकडे, हातरुमालाहून थोडे मोठे. भाऊ त्यांना रुमालच म्हणत. प्रत्येक रुमालावर एक पुरा पडदा. जंगल, रस्ता, देऊळ, तुरुंग, गरिबाची झोपडी, राजवाडा. सगळे सरसात कालवलेल्या रंगांनी काढलेले, इतके बारीक की तुरुंगाच्या गजांना गंज चढलेला दिसे. राजवाड्याच्या रुमालात चार खांब होते, त्यांच्या पायाशी पायऱ्या, खांबांमधून मागचे कारंजे दिसे, आणि कारंज्याआड एक मोर होता, जो मला पुष्कळ दिवसांनी दिसला. मी त्यांना विचारले होते, "भाऊ, राजवाडा कुठं पाहिला तुम्ही?"

"चांद्याचा किल्ला पाह्यला ना. पडून राह्यला आहे बिचारा. तसा काढला त कोण घेईन?"

रुमाल दाखवण्याची त्यांची रीत मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जाऊन पाहिली. गावात गेले की ते पेटी उघडायचेच नाहीत. आधी विचारायचे, नाटक कोणते, राजा कोण होणार, बाईचे काम कोण करणार. राजा होणाऱ्याला उभा करून त्याची उंची डोळ्यांत घ्यायचे. मग पेटीतून तीन रुमाल निघत. कधी दोनच. नाटक मंडळाचे लोक सगळेच रुमाल मागत, "बंदे दाखवा ना जी." भाऊ मान हलवत. "बंदे दाखवले म्हंजे कोणताच नाई दाखवला."

जंगलातल्या गावी त्यांनी जंगलाचा रुमाल कधी काढला नाही. धानोऱ्याकडच्या एका गोंड वस्तीत एका म्हाताऱ्याने मुद्दाम जंगलाचा मागितला, तर भाऊ म्हणाले, "तुमच्या घरामागं देवानं काढलेला आहे, दादा. माहा त्याच्यापुढं टिकत नाई. मी तुमाले शहरातला रस्ता दाखवतो." म्हातारा खूश होऊन हसला आणि त्याने रस्ताच घेतला.

रुमाल ते उन्हात दाखवत नसत. भर दुपारीसुद्धा सगळ्यांना एखाद्या अंधाऱ्या घरात न्यायचे, दाराला घोंगडी लावायची, कंदील पेटवायचा आणि त्याच्या उजेडात रुमाल दोरीवर टांगायचा. नाटक गॅसबत्तीत होणार, मग उन्हातला रंग पाहून काय उपयोग, हे त्यांचे म्हणणे. घामाघूम झालेले पाच-दहा शेतकरी त्या कोंडलेल्या खोलीत एका रुमालाकडे टक लावून उभे आहेत, हे चित्र मला आजही दिसते. बाहेर आल्यावर कोणी भावाची घासाघीस करत नसे.

दसऱ्याला ते सगळे रुमाल पडवीत दोरीवर टांगायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला, दूधवाल्याला, शाळेच्या पोरांना बोलावून दाखवायचे आणि मग पाठ फिरवून सांगायला लावायचे, काय काय पाहिले. जो रुमाल कोणालाच आठवत नसे, तो बाद. तो कितीही मेहनतीने काढलेला असो. त्याच्या जागी ते नवा काढायचे. एका वर्षी देवळाचा रुमाल बाद झाला, बाईंना तो फार आवडायचा. त्या म्हणाल्या, "राहू द्या ना जी, मले त आठवते." भाऊ म्हणाले, "तुले आठवते, पण पडदा तू कुठी विकत घेतेस?" बाई हसल्या. पण तो रुमाल मग देवाच्या कोनाड्यात लागला, त्याला भाऊंनी हरकत घेतली नाही.

बाईंना मूल नव्हते. कापडाचे पन्ने जोडून शिवणे, सरस उकळणे, रंग वाटणे, सगळे त्यांच्याकडे. मला एकदा म्हणाल्या, "यायले दोन घास कमी भेटले त चालते गुरुजी, पण कोणी रुमाल पाहून वा म्हटलं पायजे."

सगळ्यांत मोठा नियम साईचा होता. साई म्हणजे काम ठरल्याचा विसार. साई घेतली की जो रुमाल गावाने पसंत केला, तो भाऊ त्याच गावात ठेवून यायचे. पडदा तयार झाला की गावात नेऊन टांगायचा, मंडळाने रुमाल काढून ताडून पाहायचा, आणि "बराबर" म्हटले की बाकीचे पैसे. दुसरा कोणी रंगारी असे करीत नसे. मी म्हटले, "भाऊ, हे उगाच स्वतःच्या पायात खोडा घालून घेणं आहे." ते म्हणाले, "नमुना म्हंजे जबान आहे, गुरुजी. तिच्यावर साई घेतली. मंग जबान त्याच्यापाशी नोको काय?"

त्यांचे डोळे केव्हा बिघडायला लागले, मला सांगता येणार नाही. त्यांनाही कळले नसावे. ओसरीची पायरी चुकायची. चहा बशीबाहेर सांडायचा. मग ते गिरणीच्या कापडाला शिव्या द्यायचे, सूत पूर्वीसारखे येत नाही म्हणून. बाई चहा ओतून द्यायला लागल्या. रंगांच्या वाट्या ठरल्या क्रमाने मांडायला लागल्या. मला वाटले वय झाले. आणि कामे तर वाढत होती, कारण रुमाल तेच होते, सुंदर.

त्या वर्षी वैनगंगेच्या अलीकडच्या एका गावाने राजवाडा घेतला. नवे मंडळ, पहिलेच नाटक. लोकांनी घराघरांतून धान गोळा करून साई दिली होती. भाऊंनी दिवाळीनंतर सगळे सोडून तोच पडदा धरला. आमचे अंगण लहान, त्यामुळे पडदा अर्धा गुंडाळून अर्धा रंगवावा लागे. मी येता-जाता तो तुकड्यातुकड्याने पाहिला होता. पुरा उभा कधी पाहिला नव्हता.

तो बांबूला गुंडाळून आम्ही बैलगाडीने नेला. सकाळीच पोचलो. गाव वाट पाहत होते. बायासुद्धा धान वाळत घालायचे सोडून आल्या. दोन मोहाच्या झाडांना दोर बांधून पडदा वर चढवला आणि सोडला. बांबू खाली घरंगळत आला आणि राजवाडा उलगडला.

खांब झुकलेले होते. सगळे एका बाजूला झुकले असते तर डोळ्यांनी सांभाळून घेतले असते. पण दोन इकडे आणि दोन तिकडे, मांडव खचत चालल्यासारखे. पायऱ्या खांबांना भेटत नव्हत्या. कारंजे होते, पण त्याचे पाणी हौदाबाहेर पडत होते. मोर ओळखू येत नव्हता.

त्या भागातली माणसे पाहुण्याच्या तोंडावर वाईट बोलत नाहीत. एकाने पुढे होऊन कापड चाचपले आणि म्हटले, "कापड मजबूत आहे जी." दुसरा म्हणाला, "मोठा झाला." राजाचे काम करणारा एक धिप्पाड शेतकरी होता. तो पायऱ्यांसमोर जाऊन उभा राहिला, मागे वळून पाहिले, पुन्हा उभा राहिला. मग गोंधळून हळूच म्हणाला, "मी उभा कुठी राहू?"

गावच्या पाटलांनी घरातून रुमाल आणला. देवापाशी ठेवला होता, त्यावर कुंकवाचा ठिपका पडलेला होता. ते रुमाल हातात धरून उभे राहिले, पण वर उचलीनात.

भाऊ म्हणाले, "ताडून पाहा ना, पाटील."

"पाह्यलं जी, भाऊ."

"बराबर आहे?"

पाटील जमिनीकडे पाहायला लागले. भाऊंना तेव्हा काहीतरी समजले. ते माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुमी सांगा."

मी पाटलांच्या हातून रुमाल घेतला. खोटे बोलणे शक्य नव्हते, समोर सगळे गाव दोन्ही पाहत होते. मी म्हणालो, "भाऊ, खांब सरळ नाहीत."

"कोणता?"

"चारही."

ते पडद्यापाशी गेले. एका खांबाच्या बुडाशी बोट टेकवले आणि हात पुरेल तिथवर वर नेले. मग मागे मागे सरकत गेले, बैलगाडीच्या चाकाला पाठ लागेपर्यंत. तिथून त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले. डोळे बारीक केले, मान तिरपी केली.

"मले त सरळ दिसते," ते म्हणाले.

हे त्यांनी भांडायला म्हटले नव्हते. फार हळू म्हटले. पण सगळ्यांना ऐकू आले आणि बायांपैकी कोणीतरी तोंडाला पदर लावला.

पाटील भले माणूस होते. म्हणाले, "असू द्या भाऊ. गॅसबत्तीत कोण पाह्यते एवढं. आमी ठेवून घेतो."

"नाई," भाऊ म्हणाले. "माहा रुमाल द्या. साई परत देतो."

पडदा पुन्हा गुंडाळला. त्या गावाने शेजारच्या गावाचा पडदा मागून आणला आणि नाटक पार पाडले, असे मागाहून कळले. परतीच्या वाटेवर भाऊंनी मला एकच प्रश्न विचारला. "मोर दिसत होता काय?" मी नाही म्हटले. "तो मी लय मन लावून काढला होता," ते म्हणाले.

नागपूरला मीच त्यांना घेऊन गेलो, छोट्या लाईनच्या गाडीने नागभीड आणि तिथून पुढे. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलत होते. त्यांनी सांगितले की मोतीबिंदू असता तर काढला असता, पण हा डोळ्याच्या आतला पडदा आहे, तो झिजत चालला आहे. भाऊ म्हणाले, "आतबी पडदा असते काय जी?" डॉक्टर हो म्हणाले. त्यावर इलाज विचारला, तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग भाऊंनी विचारले, "मले जे सरळ दिसते ते सरळ आहे की नाई, हे मले कसं समजंन?"

डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्याला विचारावं लागेल."

घरी आल्यावर बाईंनी सगळे ऐकून घेतले. आधीपासून माहीत असल्यासारख्या त्या बसून होत्या. मग त्यांनी एक वाट सुचवली, आणि ती वाट वेडी नव्हती. वडशाच्या रंगाऱ्याचा भाचा कामाच्या शोधात होता, हात चांगला होता. त्याला बोलवायचे. रेघा त्याने माराव्या, रंग बाईंनी द्यावे, आणि रुमाल तर आहेतच. "रुमाल पाहून लोक काम देऊन राह्यले ना जी. मंग घ्याचं."

भाऊ म्हणाले, "हे रुमाल ज्यानं काढले, तो माणूस आता नाई वो. त्याच्या नावानं मी साई घेऊ काय?"

"त्या पोट्ट्याचा हात चांगला आहे म्हणून राह्यली मी."

"मंग त्यानं त्याचे रुमाल काढावे. त्याले मी लोकं सांगीन, कोणत्या गावाले काय दाखवाचं तेबी सांगीन. पण हे नाई."

त्यांनी त्या पोराला खरेच बोलावले, पडवीत बसवून चार दिवस सगळे सांगितले आणि लावून दिले. पुढे त्याचे चांगले चालले.

आणि मग भाऊंनी जे केले ते मी आयुष्यात दुसऱ्या कोणाला करताना पाहिले नाही. उन्हाळाभर बसून त्यांनी नवे रुमाल काढले, त्या डोळ्यांनी. जंगल, रस्ता, तुरुंग, राजवाडा, तेच सगळे. रोज संध्याकाळी मी शाळेतून आलो की रुमाल माझ्यासमोर धरायचे. "सांगा गुरुजी, काय झालं?" मी सांगायचो, खांब डावीकडे गेला आहे, झाडाचे खोड मध्येच तुटले आहे. पहिल्या दिवशी मला वाटले ते पुसून पुन्हा काढतील. त्यांनी ऐकून घेतले आणि रुमाल वाळत टाकला. "राहू द्या. आता पडदा असाच होईन. मंग नमुना तसाच पायजे."

मला ते सहन झाले नाही. मी म्हणालो, "भाऊ, हे पाहून कोण काम देईल? त्यापेक्षा थांबा ना. लोकांना आठवण राहील ती तुमच्या चांगल्या पडद्यांची राहील."

"मले अजून काढता येते," ते म्हणाले. "काय येते, ते दाखवतो. ज्याले पायजे तो घेईन."

त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता. त्यांना वाटत होते, कोणाला तरी पाहिजे असेल.

पेटीतले जुने रुमाल घरात ठेवायलाही ते तयार नव्हते. पेटी एक, जबान एक, असे त्यांचे म्हणणे. मी राजवाड्याचा रुमाल मागितला. म्हटले, मला आठवण म्हणून द्या, मी कोणाला दाखवणार नाही. ते म्हणाले, "दाखवान. इतका चांगला आहे, तुमच्यानं राहवणार नाई." आणि ते खरेच होते.

सरसाचा रंग पाण्यात सुटतो. एका दुपारी ते आणि बाई रुमाल घेऊन तलावावर गेले. मीही मागून गेलो. शाळेला सुट्टी होती, आणि घरी एकटे बसवेना. तलावात पाणी कमी झालेले, काठाला भेगा पडलेल्या. भाऊ दगडावर बसले. बाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून एकेक रुमाल बुडवून चोळत होत्या. पाण्यात रंगाचा पट्टा उठे, थोडा पुढे जाई आणि मातीच्या रंगात मिसळून जाई.

"कोणता गेला?" भाऊ विचारत.

"रस्ता."

थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

"तुरुंग."

त्या सांगत होत्या, पण आवाज खाली खाली जात होता. मग एका रुमालापाशी त्या थांबल्या. तो त्यांनी पाण्यावर नुसता पसरून धरला होता. भाऊंनी तोंड उघडले, पण विचारले नाही. ते काठीने दगडापुढची माती उकरत राहिले. बऱ्याच वेळाने कापड चोळल्याचा आवाज आला. ओले पांढरे तुकडे पिळून बाईंनी काठावर वाळत घातले, तेव्हा त्यांत कोणता राजवाडा होता ते कोणालाच सांगता आले नसते.

दसऱ्यानंतर भाऊ काळा कोट घालून नव्या रुमालांची पेटी घेऊन निघाले. माझी बदली आलापल्लीकडे ठरली होती, जायला थोडे दिवस होते. सुट्टी काढून मी त्यांच्याबरोबर गेलो, कारण त्यांना एकटे सोडण्यासारखी त्यांची नजर राहिली नव्हती. त्यांनी रीत सोडली नाही. राजा कोण ते विचारले. त्याला उभा केला, आता डोळ्यांनी नव्हे, खांद्यावर हात ठेवून उंची घेतली. घोंगडी लावली, कंदील पेटवला. लोक रुमाल पाहायचे आणि मग एकमेकांकडे पाहायचे. चहा मिळायचा, जेवणाचा आग्रह व्हायचा. "पुढच्या साली पाहू जी, भाऊ." प्रत्येक गावात हेच. भाऊ रुमालाची घडी घालताना म्हणायचे, "बरं. पाह्यलं ना तुमी? एवढंच पायजे." जणू दाखवून झाले, तिथे त्यांचे काम संपले होते. पण गाडीत बसल्यावर पुढच्या गावापर्यंत ते पेटी मांडीवरून खाली ठेवत नसत.

शेवटचे गाव गडचिरोलीच्या वाटेवरचे. तिथल्या मंडळाचे प्रमुख भाऊंचे जुने ओळखीचे, वयाने त्यांच्याएवढेच. त्यांच्या गावात भाऊंचे पडदे पंधरा-वीस वर्षांपासून होते. त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवले आणि एकट्याने कंदिलाच्या उजेडात राजवाड्याचा नवा रुमाल पाहिला. मी आणि भाऊ भिंतीला टेकून उभे होतो. ते पाहतच राहिले.  मग रुमाल खाली ठेवून म्हणाले, "भाऊ, एक राजवाडा करून द्या आमाले. आमचा जुना झाला आहे."

मला एकदम मोकळे वाटले. भाऊंचा चेहरा मात्र बदलला नाही. त्यांनी विचारले, "रुमाल पाहून सांगता, की माह्याकडं पाहून?"

 ते गृहस्थ पुढे आले आणि नुसते भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

"मंग नोको," भाऊ म्हणाले. "रुमाल पाहून म्हटलं असतं त घेतलं असतं."

त्यांनी कंदील विझवला, घोंगडी काढली, घडी घातली. बाहेर ऊन होते. त्या गृहस्थांनी गाडीपर्यंत येऊन गाडीत धानाचे पोते ठेवायला लावले, ते भाऊंनी उतरवायला सांगितले. पण त्या गृहस्थांचा हात हातात घेऊन भाऊ थोडा वेळ उभे राहिले. 

दिवस मावळायच्या आत आम्ही घरी पोचलो. बाईंनी पाय धुवायला पाणी दिले. पेटी आत नेता नेता त्यांनी विचारले, "काम भेटलं काय जी?"

"भेटत होतं," भाऊ म्हणाले. "म्या नाई घेतलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी पेटी भिंतीशी ठेवली, तिच्यावर हात फिरवला आणि चुलीकडे वळल्या. आम्हा दोघांची पाने मांडली. भात होता, वरण होते, वांग्याची भाजी होती. त्या उन्हाळ्यापासून भाऊंचे जेवण तुटले होते, पण त्या दिवशी ते शांतपणे, चवीने जेवले, भात दोनदा मागून घेतला. बाई भाताचे पातेले खरवडून वाढत राहिल्या. आमचे झाले, भाऊ हात धुऊन पडवीत जाऊन आडवे झाले, लगेच झोप लागली त्यांना.

मी बाईंना म्हटले, "तुम्ही बसा आता."

"बसते," त्या म्हणाल्या, आणि चुलीतला विस्तव झाकायला लागल्या. मी खोलीत जाईपर्यंत त्या ताटावर बसल्या नव्हत्या.